येऊन राहिली

५ फेब्रुवारी
निघालो एकदाच्या! नागपुरात रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सहा जणी, भाड्याची ट्रॅव्हलर, चार तंबू. कोकणात जंगलातून, समुद्राच्या काठाकाठानं आठ दिवस. पुढारी अर्थातच यमुताई – अडुसष्ट वर्षांची रिटायर्ड नर्स, आवाज अजून वॉर्डातलाच. समृद्धी महामार्गाला लागायच्या आतच तुळसाबाईंनी चिवड्याचा डबा उघडला.

माझ्या डोक्यात मात्र एकच. मे महिन्यात मी बाथरूममध्ये पडले, दोन तास कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून अर्णवचं चालू आहे – आई, घर बंद कर, पुण्याला ये. या सहलीत ठरवते म्हणून त्याला कबूल करून बसले आहे.

६ फेब्रुवारी
घाटात असताना सुनेचा, वेदिकाचा फोन. रेंज येते-जाते. "आई, पुण्याला येताय ना?" परतताना दोन दिवस तिच्याकडे थांबायचं ठरलंच होतं. म्हटलं, "हो वं, येऊन राहिली!" पोरगी इतकी आनंदली की मलाच नवल वाटलं. दोन दिवसांचं एवढं काय! लग्नाला वर्षही झालं नाही, पण तिचं "आई" म्हणणं तोंडदेखलं वाटत नाही.

७ फेब्रुवारी
आज उपाशी झोपायचीच पाळी! यमुताईंनी दुपारी तंबूच्या जागेच्या मालकांना, केशवरावांना, फोन करून सांगितलं – "आम्ही येऊन राहिलो." म्हणजे आमच्या नागपुरी बोलीत, येतोय, वाटेत आहोत. जंगलातून धक्के खात पोचलो तर चूल थंड. केशवराव म्हणाले, "तुम्ही येऊन राहिलात म्हणालात ना? मला वाटलं, दुसरीकडे कुठे उतरलात!"

यमुताई भडकल्या. "येऊन राहिलो म्हंजे येऊन राहिलो! यात न समजाले काय आहे गा?"

शेवटी त्यांच्या बायकोनं गरम भात आणि कुळथाची पिठी वाढली. हसून हसून पोट दुखलं.

८ फेब्रुवारी
हसणं अंगलट आलं! वेदिकानं फोटो पाठवलाय. तिची कामाची खोली – पण आता फिकट पिवळा रंग, खिडकीशी पलंग, बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा. तिचं टेबल बाहेर हॉलमध्ये, चपलांच्या कपाटाला चिकटून. खाली लिहिलंय – "आई, तुमची खोली तयार!"

अरे देवा. मी "येतेय" म्हटलं, तिनं "येऊन राहणार" ऐकलं! आमचे चिरंजीव बायकोसमोर "मले-तुले" सोडून शिस्तीत "मला-तुला" करतात, तिला आपली बोली कुठून कळणार?

आधी स्वतःचाच राग आला. मग तो दांडा पुन्हा पाहिला आणि रडू फुटलं. माझ्यासाठी इतकं कुणी केलं होतं कधी?

पण मला जायचं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे हे. मला माझी सकाळ हवी. फाटकावर यमुताईंची हाक हवी, रविवारचे तर्री-पोहे हवेत. पुन्हा पडले तर? माहीत नाही.

९ फेब्रुवारी
सुरूच्या बनात तंबू. समोर समुद्र. दिवसभर तो खोलीचा फोटोच उघडून पाहत बसले.

१० फेब्रुवारी
यमुताईंनी धरलंच. "काय झालं वं पुष्पलता? तोंड काहून पाडून बसली?" सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरीले खरं सांगून टाक. मन मारून राहशीन, तं तिलेच तरास."

दाभोळला गाडी फेरीबोटीत चढली, तिथंच कठड्याशी उभी राहून फोन लावला. वेदिकानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे… तुम्ही फक्त येत होतात?"

ते "फक्त" फार लागलं. आणि न ठरवता तोंडून निघून गेलं – "तुमचं दोघांचं काम लॅपटॉपवर. मंग तुम्हीच काहून नाही येत नागपूरले?"

फोन बंद. रेंज गेली की तिनं ठेवला, कळलं नाही. पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

१३ फेब्रुवारी
पुणे. मला सोडून गाडी काल पुढे गेली. वेदिका नीट वागते आहे. जरा जास्तच नीट! माझ्यासाठी भाजीत तिखट वाढवून घालते आणि स्वतः पाणी पीत जेवते. अर्णव हवापाण्याचं बोलतो. विषय कुणीच काढत नाही. टेबल अजून हॉलमध्येच.

उद्या रेल्वेनं निघायचं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर तिनं मान खाली घातली. चुकलंच माझं. बोलायला नको होतं.

१७ फेब्रुवारी
घरी. आज माणूस बोलावून बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला. अर्णवला फोटो पाठवला. त्यानं नुसता अंगठा दाखवला.

२ मार्च
वेदिकाचा मेसेज – "आई, आम्ही येऊन राहिलो."

तीनदा वाचला. मग विचारलं, "तुझ्या अर्थानं की माझ्या?"

"दोन्ही! माझ्या टेबलाला जागा करून ठेवा."