आबा, तो हर्निया नव्हता

धुळे, रविवार, १८ जानेवारी

आबा,

फार दिवसांनी लिहितोय, माफ करा. तुम्ही गेल्यानंतर वर्षभर असं तुमच्याशी बोलायचो, मग सवय सुटली. आज बसलो, कारण तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलेली एक गोष्ट आता मोडावी लागणार आहे, आणि तुम्हाला न विचारता मोडणं मनाला बरं वाटत नाही.

चौथीची परीक्षा संपली आणि तुम्ही मला भडगावहून इथे धुळ्याला ऑपरेशनला आणलंत. माझी एक गोटी, डॉक्टर जिला वृषण म्हणतात ती, जन्मापासून खाली उतरलीच नव्हती, वर जांघेत अडकलेली होती. लग्नसराईत गावाचे कपडे शिवताना तुम्हाला मान वर करायला वेळ नसायचा, तरी माझ्यासाठी तुम्ही मऊ मांजरपाटाचा सैल पायजमा शिवला होता. टाक्यांना काचू नये म्हणून नाडी रुंद पट्टीची. डॉक्टर तुमच्यावर चिडलेले आठवतात. ‘अहो, इतकी वर्षं काय करत होतात?’ तुम्ही टोपी हातात घेऊन म्हणालात, ‘पाचव्या वर्षी जावळ झालं साहेब. त्याच्याआधी अंगाला लोखंड लावत नाहीत आमच्यात. मग राहूनच गेलं.’ वॉर्डाच्या दाराशी तुम्ही माझा दंड धरता, जरा जोरातच. ‘कोनी इचारं तं हर्निया सांगजो. नहीतं उद्या कोन पोर देई तुले? समजनं?’ मी मान हलवतो.

आणि मी सांगत राहिलो. शाळेत, कॉलेजात, लग्न ठरताना. पुढे पुढे ते खोटं आहे हेही लक्षात राहिनासं झालं. गेल्या दिवाळीत अंघोळ करताना त्याच बाजूला गाठ लागली, कडक, अजिबात न दुखणारी. न दुखणाऱ्या गाठीसाठी कोण दवाखान्यात जातं? मी तीन आठवडे गेलो नाही. शेवटी गेलो, तर डॉक्टरांनी जांघेतला व्रण पाहून विचारलं, कसलं ऑपरेशन? तोंडातून निघून गेलं, हर्निया. त्यांनी व्रण पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाले, ‘हर्निया, की गोटी खाली आणली होती? नीट आठवा.’

कॅन्सर होता, आबा. जळगावला ऑपरेशन करून ती गोटी काढून टाकली. वेळेत सापडला, आता फक्त तपासण्यांना जायचं. डॉक्टरांनी नीट समजावलं. ज्यांची गोटी वर राहते त्यांना पुढे हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त असतो. बहुतेकांना काहीच होत नाही. पहिल्या वर्षाच्या आसपास ती खाली आणली तर धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. उशिरा का होईना, तुम्ही माझी खाली आणवलीत म्हणून गाठ हाताला लागली. वरच राहिली असती तर इतक्या लवकर कळलीच नसती. हे ऐकताना तुमची टोपी डोळ्यांसमोर आली. तुमच्या सुनेला खरं काय ते दवाखान्यातच कळलं. म्हणाली, ‘एवढंच? तुम्ही व्रणाचा विषय निघाला की गप्प व्हायचात, मला वाटायचं लहानपणी कुठे चोरीबिरी करताना तारेत अडकलात.’ नरडाण्याला माझ्या कंपनीत मात्र रजेच्या अर्जावर मी पुन्हा हर्नियाच लिहिलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. भडगावला तुमच्या लेकीला, आपल्या अक्काला नातू झालाय, आठ महिन्यांचा. त्याचंही तसंच आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, सहा महिन्यांनंतर सहसा आपोआप उतरत नाही, सर्जनला दाखवा. अक्का मानत नाही. आज दुपारी फोनवर म्हणाली, ‘भाऊ, जावळ व्हवाना पहिले लोखंड लावतस का कोठे? तिसरा वरीसले जावळ करू, मंग दखू.’ मी म्हणालो, ‘अक्का, उशीर करू नको.’ तर म्हणते, ‘तुले काय माहीत? तुनं तं हर्निया व्हतं!’ मागून तिच्या सुनेचा आवाज आला, ‘मामांना विचारा ना, आपल्यात कोणाला होतं का हे?’ अक्काने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं, ‘कोनले नही.’

तुम्ही कोणाचं वाईट करायला ते सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी उद्या नवरदेव व्हावा, कोणी बोट दाखवू नये, एवढीच तुमची धडपड. मी तुमच्या जागी असतो तर वेगळं वागलो असतो, असं म्हणायची माझी छाती नाही. पण ते पोर तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलं, तर त्यात तुमचा शब्द असेल आणि माझं गप्प बसणं असेल. जावळ करूच, थाटात करू. ऑपरेशन आधी.

हे सगळं मी अक्काला फोनवरच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. सूनबाई ऐकतेय म्हणून लाजलो, या वयात, आणि ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

उद्या: पहिल्या एसटीने भडगाव. अक्कासमोर, सुनेसमोर, दुखण्याचं खरं नाव घेऊन सांगणे.