सुलट कोरलेला ठसा

मी, खाली सही करणार, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, लाकडी ठसे कोरून चित्रे छापणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतकी चिकाटी माझ्या नातेवाइकांत कधीच नव्हती.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस. ती नऊ वर्षे वेगळी राहते. घटस्फोट झालेला नाही, कारण अर्जात कारण काय लिहावे यावर आमचे एकमत झाले नाही.

२. थोरल्या बंधूंस माझे पदवी प्रमाणपत्र. त्या कागदाचा अभिमान घराण्यात फक्त त्यांनाच आहे. मी रोज सतरा अक्षरांचा हायकू लिहितो, मग एखाद्यावरून चित्र, अक्षरांसह, कोरतो, हे कळल्यावर ते म्हणाले होते, "तीन ओळी? एवढ्यात माझी किराणा यादीसुद्धा होत नाही." ती यादी मी पाहिली आहे. तीत निम्मे शब्द फाजील होते.

३. माझ्या कोरण्या ठशांच्या फळ्या तासून देणाऱ्या सुतारास. कलाशाळेस देऊ नयेत. तेथे धार कोणालाच कळत नाही.

४. कलादालनाच्या मालकांस काहीही नाही. माझ्यामागे ते नव्या प्रती छापून 'अखेरचा संग्रह' काढतील, इतका मी त्यांना ओळखून आहे. सबब, माझ्या बेचाळीसपैकी एकेचाळीस ठशांवर पटाशीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर मारावी. बेचाळिसावा वगळावा.

५. वगळण्याचे कारण. ठशावर अक्षरे उलटी कोरली तरच कागदावर सुलट उमटतात. पत्नी घर सोडून गेली त्या आठवड्यात मी ती सुलट कोरली. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. जाताना ती म्हणाली होती, "रोज सतरा अक्षरं मोजता. त्यात 'थांब' कधी बसलं नाही." हा ठसा म्हणजे त्याचे उत्तर होते. कागदावर ते वाचताच येईना. मी कागद फाडणार होतो. पण मालकांनी त्यात 'भाषेचा नकार' शोधला आणि चित्र मुख्य भिंतीवर लावले.

प्रदर्शनाला पत्नी आली. "काय लिहिलंय?" तिने मला विचारले.

मालक मध्येच म्हणाले, "वहिनी, हे वाचायचं नसतं, अनुभवायचं असतं."

भोवतीचे लोक माना डोलावत होते. मी चूक कबूल केली नाही. "मग राहू दे," म्हणून ती निघून गेली. वर ज्यांची मी निर्भर्त्सना केली आहे, त्यांपैकी कोणीही याहून हलके कृत्य केलेले नाही.

६. बेचाळिसावा ठसा पत्नीस. शाई मी स्वतः धुतली आहे. लाकडावर अक्षरे पहिल्यापासून सुलटच आहेत. वाचायला आरसा लागणार नाही, मालकही नकोत.

तू उठलीस
खुर्चीत ऊन आले
थांब, म्हणतो

सतरा आहेत. मोजून घ्यावीत.

साक्षीदार:
१. माझ्या चित्रांच्या चौकटी बनवणारे. चूक पहिल्याच दिवशी ओळखून गप्प राहिले. साक्षीदार लाभार्थी नसावा म्हणून यांस काहीही दिलेले नाही. (सही)
२. डॉक्टर. माझ्या शुद्धीची खात्री देतात. मुदतीची देत नाहीत. (सही)

मृत्युपत्र करणार: (सही)
दिनांक: १४ मार्च २०२३
स्थळ: कामाची खोली. खुर्ची अजून खिडकीशीच आहे.