मागं न फिरलेली होडी

३ फेब्रुवारी

आज जहाजावर परत ड्रिलचा भोंगा वाजला. भांडी तशीच टाकली, लाइफ जॅकेट चढवलं, पळालो वर. हाताला साबण तसाच. आमची लाइफबोट डाव्या अंगाची. खाली उतरली की दोर मी सोडायचा, अन पाण्यात कुणी असलं तर ओढून घ्यायचं. शिकवणारा साहेब म्हणाला, ओढायचं ते सांगितल्यावर.

सांगेपर्यंत तो तरंगत बसंल व्हय?

६ फेब्रुवारी

वर्ग होता. साहेब केरळचा, त्याची हिंदी माझ्यासारखीच मोडकी, म्हणून कळतं तरी. टायटॅनिकचं सांगितलं. बोटी कमी होत्या हे ऐकून होतो. पण होत्या त्याही नीट भरल्या नव्हत्या! जागा रिकाम्या, पाण्यात माणसं ओरडतायत, अन बोटीतली ऐकत बसली. जवळ गेलो तर बुडणारे काठ धरतील, आपण पण उलटू — ही भीती. एखाद-दुसऱ्या बोटीनं काहींना काढलं. त्यांच्यातला एक साहेब आपली माणसं दुसऱ्या बोटींत घालून मागं गेला, तोवर बहुतेक गार पडलेले.

"तुम्ही काय केलं असतं?" साहेबानं विचारलं. मी म्हणालो, लगेच फिरलो असतो.

"आणि बोट उलटली तर?"

"तवाचं तवा बघू."

"चूक. आधी लांब जायचं, मग हुकमाची वाट बघायची. बोटीत बसलेले आधी." परीक्षेत हेच विचारणार म्हणे.

विचारू दे.

८ फेब्रुवारी

सुभाष माझ्या शेजारीच भांडी घासतो. आमच्याच तालुक्यातल्या कळंबचा. म्हणाला, "राव, तू ताटं घासाय आलाय का जग वाचवाय? त्याला पायजे ते बोल अन मोकळा हो. नापास झाला तर फुडच्या बंदरावर उतरवत्याल. मग जा डिंभ्याच्या धरणात मासं धराय."

धरीन की.

त्याच्या कळंबला हायवे आहे. आमच्याकडं धरणाचं पाणी मधे, पलीकडं जायचं तर होडी. त्याला काय कळणार.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो.

आमच्यात पडकई असते. एकानं हाक दिली की घरटी एक माणूस त्याच्या रानात जातं, उतारावर भाताचं खाचर करून देतं. पैसे नाहीत, जेवण असतं. जेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी अंगावर पीत होतो तेव्हा पाण्यापलीकडं पडकई होती. जेवणात उशीर झाला, वारं सुटलं. यायला दोन होड्या. पुरुषांच्या होडीत पहारी, फावडी, सगळं अवजार. बायांच्या होडीत आई, तिच्या मांडीवर मी, अन वल्ह्यावर धर्माजी. माझ्या बापाचा चुलतभाऊ.

पुरुषांची होडी उलटली. बाकीचे काठाला लागले. माझा बाप, सोमाजी, हाका मारत राहिला. धर्माजीच्या होडीत जागा होती. फिरला नाही. हे कुणाचं बोलणं नाही, त्यानंच देवळापुढं सांगितलं होतं — "मी न्हाय फिरलो."

कळाय लागल्यापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आई मात्र त्याच्या पडकईला सगळ्यांच्या आधी. त्यावरून किती भांडलो तिच्याशी. गाव सोडलं ते पण त्याचं तोंड बघाय नको म्हणून.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. धर्माजी घोडेगावच्या दवाखान्यात, छातीचं दुखणं. डॉक्टर नीट काही बोलत नाही.

"येकदा बोल रं त्याच्याशी. फोन कानाला लावती मी."

"न्हाय."

"तुजं नाव घेतोय सारखा."

"बापानं याचं नाव घेतलं व्हतं, तवा?"

मग म्हणाली, "तुला काय ठावं हाय." अन फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी

नाही बोलणार.

१९ फेब्रुवारी

परीक्षा झाली. साहेबानं विचारलं, पाण्यात माणसं आहेत, काय करशील? म्हणालो, फिरीन. परत विचारलं. परत तेच.

"तुझ्या बोटीत एखादीच्या मांडीवर लेकरू असेल तर?"

म्हणालो, साहेब, ते लेकरू मोठं झाल्यावर मला विचारंल, माझ्या बापाला का नाही काढलं? त्याला मी काय सांगू?

साहेबानं कागद बाजूला ठेवला. उद्या परत बोलावलंय, शेवटचं. तरी हेच बोललो तर सामान बांधायचं. सुभाष म्हणाला, "येडा हायेस तू." असंन. आज ताटं घासताना हात हलके वाटत होते.

२० फेब्रुवारी

सकाळीच आईचा फोन. रडत नव्हती. म्हणाली, "होडी त्यानं फिरवली व्हती. वल्हं मी धरलं. होडीत पानी येत व्हतं, तू मांडीवं. तो वढायचा, मी सोडलंच न्हाय. गावात त्यानं सोतावं घेतलं. मला बोलू दिलं न्हाय."

म्हणालो, फोन लाव त्याच्या कानाला.

काका म्हणालो. तिकडून नुसता श्वास. तसाच फोन धरून उभा राहिलो.

आता साहेबाकडं जायचंय. फिरीन हेच सांगणार. मांडीवरच्या लेकराचं विचारलं तर मात्र आज एवढंच सांगीन, ते लेकरू मीच.