क्रमांक चौदा जप्तीत जाऊ देऊ नये

मी, बेरिल मार्गारेट एन्ट्विसल, कै. क्लिफर्ड एन्ट्विसल यांची पत्नी, वय पंचाहत्तर, पूर्वीचा धंदा पडदे शिवण्याचा, राहणार १४, रोवन अव्हेन्यू, डार्वेन, लँकेशायर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणी मला भरीला घातलेलं नाही की धमकावलेलं नाही. मुलगा नायजेल म्हणाला की वकिलाकडून करून घे; पण वकिलाने लिहिलेल्या कागदात मी कुठे सापडले नसते, म्हणून ग्रंथालयातून पुस्तक आणून स्वतः शिकले. चूकभूल असेल ती माझी.

१. क्लिफच्या हयातीत आम्ही दोघांनी दुकानातला तयार फॉर्म आणून एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. त्यात "आमचं कर्जमुक्त घर" असे शब्द आहेत. वाचून हसू नये.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नायजेलने करावी. तो प्रामाणिक आहे, पण दिरंगाई हा त्याचा स्थायीभाव आहे. म्हणून पुढचं कलम त्याने दोनदा वाचावं.

३. घराविषयी. नायजेल, हे घर कर्जमुक्त नाही. माझ्या हयातीत मी फक्त व्याज भरायचं आणि माझ्यामागे घर विकून मुद्दल फेडायचं, असा करार आहे. मी गेल्याचं सोसायटीला, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या त्या संस्थेला, लगेच कळव. विक्रीसाठी ते मुदत देतात. त्या मुदतीत घर तू स्वतः वीक, चांगला भाव बघून. चालढकल केलीस तर ते घर ताब्यात घेतील, कुलूप बदलतील आणि येईल त्या भावाला फुंकून टाकतील. मी जिवंतपणी जे होऊ दिलं नाही ते माझ्यामागे होऊ देऊ नकोस. माझ्या साऱ्या मिळकतीत मला एवढीच एक काळजी आहे.

आता हे असं का झालं ते लिहिते, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. घर घेतलं तेव्हा एक टापटीप एजंट याच सोफ्यावर बसून माझा आल्याचा केक खाऊन सांगून गेला, की सोसायटीला दरमहा नुसतं व्याज द्या, जोडीला ही विम्याची पॉलिसी भरा. शेवटी पॉलिसी पिकेल, मुद्दल फिटेल आणि वर स्पेनच्या सहलीपुरते उरतील. क्लिफने त्या उरणाऱ्या पैशांच्या भरवशावर आधीच कारवाँ घेतली, मोटारीमागे ओढायची ती सहलीची चाकांवरची खोली. पंचवीस वर्षं आम्ही हप्ता चुकवला नाही, आणि हप्ता भरतोय म्हणजे घर आपलं होतंय असंच धरून चाललो. पॉलिसी पिकली ती सुकलेल्या नासपतीएवढी. ते पैसे मुद्दलात गेले, बाकीला मुदत वाढवून मिळाली. ती वाढीव मुदत संपायच्या आत क्लिफ संपला, आणि मुदत भरताच सोसायटीने सगळी बाकी एकरकमी मागितली.

आमच्या रस्त्यावर माणूस स्वतःच्या ऑपरेशनची हकीकत टाक्यांसकट सांगेल, पण कर्जाचं नाव काढणार नाही. मीही तशीच. सोसायटीचा फोन वाजला की किटली ठेवायची, म्हणजे शिटीत तो ऐकू यायचा नाही. दोन महिने असा चहा प्याले. मग चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी मोफत सल्ला देतात तिथे गेले, तेही जुने पडदे द्यायच्या निमित्ताने. तिथल्या रुखसाना मलिकने पडदे बाजूला ठेवले आणि म्हणाली, "आंटी, पडद्यांचं नंतर बघू. तुम्ही गप्प बसलात की ते समजतात, ही बुडवणार. आपणच आधी फोन करायचा."

फोन तिने लावला, बोलले मी. पलीकडची मुलगी वाईट नव्हती. मुद्दल इतकं कमी केलं की त्याचं व्याज माझ्या पेन्शनला पेलेल, तर जन्मभर चालेल असं नवं कर्ज मिळेल, असं तिने सांगितलं. त्यासाठी थोडे महिने दिले. नायजेल, तुला मी कर्जाचं न सांगता नुसतं घर झेपत नाही म्हटलं, तर तू म्हणालास, "आई, विकून टाक, आमच्या गॅरेजवरची खोली रिकामीच आहे." तू मनापासून म्हणालास, तेव्हा तुला दोष नाही. पण ज्या जिन्यावर क्लिफचा हात घासून कठडा गुळगुळीत झालाय तो जिना सोडून मला गॅरेजवर झोपायचं नव्हतं. मग रुखसानाला आमची मागची लांबलचक बाग दिसली. तिचा अर्धा तुकडा विकता आला असता, सोसायटीची परवानगी काढून. पण त्या तुकड्याला रस्ता नाही. घेऊन घेऊन घेणार तो एकच माणूस, शेजारचा आर्नोल्ड डक्सबरी.

४. आर्नोल्डविषयी. त्याच्या कुंपणाची झाडं त्याने छपराएवढी वाढू दिली आणि माझ्या स्वयंपाकघरात भर जूनमध्ये दिवा लावायची पाळी आणली. मी नगरपालिकेत तक्रार केली. त्याने झाडं कापली, पण माझ्याशी बोलणं टाकलं. आणि त्याची शर्यतीची कबुतरं माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर नेम धरून बसू लागली. वर्षानुवर्षं आमचे निरोप क्लिफमार्फत जात. क्लिफ गेल्यावर निरोपही बंद.

शेवटी एक दिवस त्याच्या मागल्या दाराशी जाऊन मी सगळं सांगितलं. हातातलं धान्याचं भांडं खाली न ठेवता त्याने ऐकून घेतलं.

"खुराडं मोठं करायचंच होतं मला," तो म्हणाला. "किती?"

मूल्यमापकाने काढलेला आकडा मी सांगितला.

"छे. मी दुप्पट देईन."

"तुला अक्कल आहे का, आर्नोल्ड?"

"नाही. म्हणून तर कबुतरं पाळली. उद्या कुणी जास्त देऊन गेला आणि तिथे ढोल वाजवत बसला, तर मला नको. दुप्पट. आणि ती झाडांची तक्रार माझ्या तोंडावर केली असतीस तर त्याच दिवशी कापली असती."

सोसायटीने परवानगी दिली, पैसे मुद्दलात गेले, नवं कर्ज झालं. घर राहिलं. मला वाटलं, माणूस मूर्ख आहे पण बरा आहे.

त्या वसंतात माझं धुणं स्वच्छ राहू लागलं. आधी आनंद झाला. मग एका सोमवारी चादर घडी करताना लक्षात आलं, की घुमण्याचा आवाजच नाही. कुंपणावरून वाकून पाहिलं तर खुराडं रिकामं. जातिवंत पक्षी, पैदाशीच्या जोड्यांसकट, विकून टाकले होते त्याने. कबुतरांसाठी जागा हवी म्हणून जी जागा घेतली, ती कबुतरं विकून. विकलेल्या तुकड्याला माझ्या बाजूने कुंपणही घातलं नाही. माझं रुबार्ब, ते आंबट लाल दांड्यांचं झाड, अजून तिथेच वाढतं आणि मी अजून ते तोडून आणते. यावर आम्ही कधी बोललो नाही. त्या दिवसापासून धुणं वाळत घालताना माझे हात जड होतात.

५. शिलाई मशीन आणि मोठ्या कात्र्या रुखसानाच्या सल्ला केंद्राला, रुखसानाला नव्हे, म्हणजे तिला साक्षीदार म्हणून सही करता येईल. कारवाँ कोणी नेत असेल तर त्याला चहा पाजून नेऊ द्यावी. क्लिफची बहीण ग्लॅडिस हिला काही नाही. तिने क्लिफच्या अंत्यविधीत सँडविच मोजली होती.

६. घर विकून, कर्ज फिटून जे उरेल त्यातून, जमिनीच्या खऱ्या किमतीवर आर्नोल्डने जेवढी रक्कम जास्तीची दिली ती त्याला परत द्यावी. उरलेलं सगळं नायजेलचं. मला हलकं होऊन जायचंय.

७. अंत्यविधीत भाषण नको. हॅम, लोणचं आणि आल्याचा केक पुरे. सँडविच मोजू नयेत.

इथवर काल लिहून झालं. आज सहीसाठी रुखसाना आली आहे. दुसऱ्या साक्षीदार समोरच्या शिक्षिकाबाई होत्या, त्या तापाने झोपल्या आहेत, आणि रुखसाना मला न विचारता शेजारून आर्नोल्डला घेऊन आली. त्याने बूट काढून ठेवले आहेत, मोज्याला भोक आहे. नियम असा आहे, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. रुखसानाने तो त्याला वाचून दाखवला, कारण वाचून दाखवणं तिचं काम.

मी म्हटलं, "आर्नोल्ड, तू नको. आपण दुसरं कुणी बघू."

त्याने टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "म्हणजे माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंयस."

"तुझंच आहे ते."

"माझं काय ते मला मिळालंय," तो म्हणाला. "घुमणं ऐकू येत नाही, पण तुझी किटली ऐकू येते. आण ते पेन."

रुखसाना म्हणते, आंटी, कलम सहामधला त्याचा भाग खोडून टाका, त्याने सही केली की तो तसाही निकामी. मी खोडणार नाही. निकामी झाला तरी लिहिलेला राहू दे; नायजेल वाचेल. आणि नायजेल, रुबार्ब त्याच्या जमिनीत आहे. ते मला त्याला देता येत नाही, आणि त्याला नाकारताही येत नाही. मे महिन्यात दांडे तोडून त्याच्या दारात ठेवत जा, घर विकेपर्यंत. घर वेळेत वीक.

हे मी आमच्या स्वयंपाकघरात, दोघांच्या समोर, दिवा न लावता, खिडकीच्या उजेडात सही करून पुरं केलं. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: बेरिल एम. एन्ट्विसल

साक्षीदार: रुखसाना मलिक, सल्लागार, ब्लॅकबर्न

साक्षीदार: आर्नोल्ड डक्सबरी, १६, रोवन अव्हेन्यू, कबुतरं नाहीत

डार्वेन, १७ एप्रिल २०२३