हानला सांगायचं राहिलेलं

एडमंटन, कॅनडा,
११ फेब्रुवारी १९७६

ती. क्वीनीताईस,
शोशनाचा शालोम. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे उणे तीस आहे, फावड्याने बर्फ उपसून उपसून पाठ धरलीय. बाकी मजेत, असं लिहिणार होते. पण ताई, मजेत कसली!

माझं काम तुला ठाऊक आहे. कोरियन वाक्य भोकं पाडलेल्या कार्डांवरून कॉम्प्युटरला द्यायचं, त्याने शब्दांचे तुकडे पाडून कर्ता कुठला, क्रियापद कुठलं ते दाखवायचं. कोरियनमध्येही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं, म्हणून तर प्रोफेसरांनी मला घेतलं. पुस्तकातली वाक्यं मशीनला सोपी जायला लागली, तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या हानने सोलहून आलेली त्याच्या धाकट्या भावाची पत्रं दिली. भाऊ तिथल्या सरकारविरुद्धच्या विद्यार्थ्यांतला. कार्डं पंच करताना सगळी नावं बदल, त्यांच्या सरकारचे हेर इथेही फिरतात, असं हानने दोनदा बजावलं होतं.

मी नाही बदलली. मशीनला शब्द ओळखता यावेत म्हणून केलेल्या शब्दकोशाची कार्डं खऱ्या नावांनी आधीच पंच झाली होती, ती पुन्हा कोण करत बसणार, असा आळस केला. इथे कॉम्प्युटरने छापलेले सगळ्यांचेच कागद उघड्या खणात ठेवतात, ज्याचे त्याने न्यायचे. तीन आठवड्यांपूर्वी त्या पत्रांचा माझा गठ्ठा तिथून नाहीसा झाला. कुणी चुकून नेला असेल म्हणून मी दुसरा छापून घेतला.

काल हानला कळलं, भावाला आणि त्याच्या एका मित्राला पोलिसांनी उचललं. दोघांची नावं त्या गठ्ठ्यात होती. माझ्यामुळेच झालं का, देव जाणे. हानने मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "शोशना, नावं बदलली होतीस ना?"

मी "हो" म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं गं.

गठ्ठ्यात तिसरंही नाव आहे, योंगहो. पत्रकं त्याच्या घरी ठेवलीत, असं सरळ वाक्यच आहे. तो अजून बाहेर आहे. माझ्या "हो"वर विसंबून हानने त्याला सावध केलेलं नाही.

भीती वाटते, ताई. हान माझं तोंड बघणार नाही, नोकरीही जाईल. म्हणून तुला विचारायला बसले, काय करू?

पण हे पत्र तुला मिळायला बारा दिवस, तुझं उत्तर यायला आणखी बारा. योंगहोकडे तेवढे दिवस नाहीत. हान दोन दारं सोडून बसलाय. पत्र इथेच थांबवते आणि जाते.

तुझी, खोटं बोललेली,
शोशना