मुर्डोच्या हेदरला कुणी मारलं?

प्रिय ऊना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र थेट चुलीत घालणार, मला ठाऊक आहे. थांब जरा. मी भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडी भांडेन, त्याशिवाय मला लिहायला सुचत नाही, पण तू शेवटपर्यंत वाच. ऑगस्टच्या फुलांच्या प्रदर्शनात मी पाद्रीबुवांच्या बायकोसमोर, अख्ख्या गावासमोर तुला चोर म्हणाले. तेव्हापासून मी दुकानात शिरले की तुला एकदम वरच्या फळीवरचे मोहरीचे डबे वाचावेसे वाटतात. न कळायला मी काही आंधळी नाही.

पण माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, सांग ना! मुर्डो जन्मभर मेंढ्यांमागे त्या डोंगरावर हिंडला. ऑगस्टात हेदरच्या फुलांनी डोंगर जांभळा होतो, त्याचं इथे कुणाला कौतुक? पण एकदा त्याला एका जुनाट झुडपावर एकच फांदी वेगळी दिसली, शेंदरी पानांची, पांढऱ्याशुभ्र फुलांची. बाकी झुडूप आपलं नेहमीचंच. ती फांदी त्याने टोपीत घालून अशी जपून आणली, जशी काही अंडीच आणतोय. बी पेरून उपयोग नव्हता, त्यातून पुन्हा साधं जांभळंच निघालं असतं, म्हणून त्याने तिची कलमं केली. नाव काय ठेवणार विचारलं की म्हणायचा, "आधी टिकू तर दे बाई, मग बारसं." जगात कुठेच नसलेलं हेदर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाढत होतं. गेल्या नोव्हेंबरात मुर्डो गेला आणि त्याचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं.

जूनमध्ये तेच वाळायला लागलं. शेंड्यापासून तपकिरी होत होत पार काड्या झाल्या. मी पावसाचं साठवलेलं पाणी घातलं, झाडाशी बोललेसुद्धा, हस खुशाल. आणि गंमत बघ, त्याच वाफ्यातलं आल्प्सकडचं हेदर, ते गं, ऐन थंडीत गुलाबी फुलतं ते, मजेत हिरवंगार! आयर्लंडचं, घंटांसारख्या टपोऱ्या फुलांचं हेदरही गेलं, पण ते मुळातच नाजूक, म्हणून त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात एकच. कुणीतरी नेमकं हेरून मुर्डोचंच झाड मारलंय. रोग आला असता तर सगळ्यांना आला असता. निवड माणूस करतो.

आणि मग प्रदर्शनात, पहिल्या बक्षिसाच्या चिठ्ठीमागे, तुझी कुंडी, आणि तीत तेच शेंदरी पानांचं हेदर! मी विचारलं तर तू म्हणालीस, "हॉलंडचं आहे, बाजारातून आणलंय." ऊना, तुला खोटं बोलताच येत नाही, लहानपणापासून तुझे कान लाल होतात. मी खालच्या फांद्या उचकून पाहिल्या. मुर्डोच्या झाडाची ती खोडच होती, बुडाशी एखादी फांदी मूळपदावर जायची, हिरवी पानं, जांभळी फुलं. तीच फांदी तुझ्या कुंडीत. मी तोंड सोडल्यावर तू म्हणालीस, "मुर्डोनेच दिलं, आजारी असताना. तुला सांगू नकोस म्हणाला." मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं.

त्यानंतर माझं डोकं कुठे कुठे गेलं, विचारू नकोस. आम्ही इस्पितळात असताना घराची किल्ली तुझ्याकडे होती. कलमं तेव्हाच चोरलीस, आणि मग जगात एकटीचंच झाड उरावं म्हणून माझ्या वाफ्यात विष ओतलंस, असं मी धरूनच चालले. जॅमच्या रिकाम्या बरण्या परत करायला आले होते ना, ते बरण्यांसाठी नव्हतंच. तू आत चहा ठेवत होतीस तेव्हा मी तुझ्या पडवीत तणनाशकाचा डबा हुंगत होते. झाकण गंजून घट्ट बसलेलं, माझ्याने उघडलंही नाही, तरी माझी खात्री काही हलली नाही. देवाशपथ सांगते, एक आठवडाभर तर मी तुझ्यावर आणि मुर्डोवरही संशय घेतला. मुर्डोवर! आमच्या लग्नात माझ्याबरोबर नाचतानाही जो लाजून बीट झाला होता, त्याच्यावर!

परवा नर्सरीवाल्या टॉर्क्विलला मुद्दाम बोलावून घेतलं. कशाला, तर तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला. त्याने वाफ्यातली चिमूटभर माती नळीत घालून पाणी आणि कसलंसं औषध टाकून हलवली. ती गर्द हिरवी झाली. म्हणाला, "हेदरच्या मातीचा रंग नारिंगी यायला हवा. वाफ्यात चुना कुणी टाकला, एफी?" मी ओरडलेच, "ऊनाने!" त्याने आल्प्सच्या झुडपाकडे बोट दाखवलं. "हे चुनखडीच्या डोंगरातलं, याला चुना चालतो. मुर्डोचं आपल्या आंबट काळ्या मातीतलं, त्याला तो जहर. चुलीतली राख तर नाही ना टाकलीत?" मी चिडलेच. हेदरात राख टाकायला मी काय वेडी आहे का, म्हटलं. आणि म्हणता म्हणता तिथल्या उपड्या बादलीवर मटकन बसले.

मार्चमध्ये, छाटणी झाल्यावर, मीच टाकली होती गं. मुर्डोची. त्याला थडगं नको होतं, आणि मला वाटलं त्याच्या हेदरच्या बुंध्यापेक्षा चांगली जागा कुठली? ओंजळीओंजळीने घातली, वर माती सारखी केली. टॉर्क्विलने टोपी काढली, म्हणाला, "हाडांची राखही तेच करते, एफी."

तेव्हा तू विष घातलं नाहीस. आणि हे खोटं निघालं म्हटल्यावर चोरीचंही खोटंच असणार, एवढं मलासुद्धा कळतं. माफी मागते, आणि ती प्रदर्शनाच्या त्याच मांडवात, पाद्रीबुवांच्या बायकोसमोर मागेन. कलमं दे, नको देऊस, तुझी मर्जी. नावही तूच ठेव. पण मी लिहायला बसले ते या कशासाठीच नाही. मुर्डोने ते तुला दिलं, म्हणजे आपण जाणार हे त्याला माहीत होतं. तो तुझ्याशी ते बोलला. माझ्याशी बोलायला लागला की मी उठून किटली ठेवायचे आणि म्हणायचे, गप रे, वसंतात कोकरं कोण बघणार मग? असं किती वेळा केलं मी त्याला. शेवटी बिचाऱ्याने माझ्याशी बोलणं सोडून दिलं, आणि मला वाटलं त्याला बरं वाटतंय. ऊना, ते देताना तो काय म्हणाला? माझ्याबद्दल काही बोलला का? नसेल बोलला तरी तसं सांग, खोटं नको. रविवारी ये. शब्द न् शब्द सांग. यावेळी मी उठणार नाही, मध्ये बोलणार नाही, किटली तू ठेव.

तुझीच, तोंडाची वाईट पण सख्खी बहीण,
एफी