घुबड, धोंडा आणि माझं वजन

१० नोव्हेंबर १९५८
परसातल्या फणसावर घुबड येऊन बसलंय. दिवसभर ढिम्म. पडवीतल्या खाटेवरून बाबा त्याच्याकडे टक लावून असतात. या आजारपणात आज प्रथमच वाटीभर पेज संपवली म्हणे. ते असो. आजारी माणसासमोर असलं ध्यान नको. उद्या हाकलणार. शकुनबिकुन मी मानत नाही, हायस्कुलात सायन्स शिकवतो.

११ नोव्हेंबर
धोंडा मारला. विहिरीवरची घागर फुटली. घुबडाने मान फिरवून मला नीट बघून घेतलं. बायको सुनीती म्हणाली, घुबडाला धोंडा मारू नये. ते तो उचलून नेतं नि नदीवर घासत बसतं. धोंडा झिजतो तसा मारणारा झिजतो. बायकांचं डोकं! हसलो. मग धोंडा शोधला. परस स्वच्छ असावं म्हणून. मिळाला नाही.

१५ नोव्हेंबर
पँट सैल. धोब्याचा हलगर्जीपणा. सहज वाण्याच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो, तर त्याने विचारलं, मास्तर, बरा नाय काय? त्याला चांगला झापला. जेवण जात नाही ते उन्हामुळे.

१६ नोव्हेंबर
घुबडच उरलं नाही तर धोंडा घासणार कोण? शुद्ध लॉजिक. मुंडकंच मुरगळतो त्याचं. कोयता घेऊन चढलो. हरामखोराने टाळूत नख्या रोवल्या. कोयता फिरवला, तो माझ्याच पोटरीत. खाली आपटलो. रक्त बरंच गेलं. बाबा खाटेवर उठून बसून खदाखदा हसले. उठून बसले, म्हणजे माझ्या देखभालीचा गुण.

१८ नोव्हेंबर
लंगडत शेजारच्या दत्तारामाकडे गेलो. डुकरं मारायची बंदूक आणली. पहिल्या बारात पडवीची कौलं बाबांच्या खाटेवर. थोडक्यात वाचले. दुसऱ्या बारात घुबडाच्या चिंधड्या. माझा खांदा सुजला, पण काय कडकडून भूक लागली! बाबा आपल्या पायांनी फणसाखाली गेले. उरलंसुरलं पंच्यात गोळा केलं. म्हणाले, माका ता सोबतीक होता रे. म्हातारपणी होतं असं.

१९ नोव्हेंबर
बाबांनी पेज परत पाठवली. देवगडला अक्काकडे, त्यांच्या लेकीकडे, पोचव म्हणतात. मी समजावलं, आता इथेच आरामात पडा, परसातली पीडा गेली. म्हणाले, हंय आता बघूक काय आसा?
मी समोरच उभा होतो.